शेपटीतला थेंब

पुण्यात कुणालाही ‘केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करतोय’ असं सांगितलं, की पुढचं ऐकून न घेता समोरचा म्हणतो, “एनसीएलला ना?” त्याला दोष देता येत नाही. ३ जानेवारी १९५० ला पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून या शहराची ठाम समजूत आहे की रसायनाशी संबंध असलेला प्रत्येक माणूस रोज सकाळी डबा घेऊन पाषाणकडे जातो. मी पाषाणकडे जात नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका संस्थेत जातो. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे जे काही घडलं त्यात संस्थेचा काडीचाही दोष नाही, आणि तिला अजून विद्यार्थी मिळायचे आहेत. सुरुवातीला मी “नाही, एनसीएल नाही” अशी दुरुस्ती करत असे. मग समोरच्याचा चेहरा पडायचा आणि “असू दे, तिकडेही प्रयत्न चालू ठेव” असा धीर मला मिळायचा. हल्ली मी नुसती मान हलवतो.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत मला घराणं सांगितलं. नाव घेताना कानाची पाळी तेवढी धरायची राहिली. मॅडमचे गुरू माटुंग्याच्या यूडीसीटीचे. त्यांचे गुरू प्राध्यापक मनमोहन शर्मा, जे केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे पीएचडी करून आले आणि १९६४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, थेट प्राध्यापक झाले. डँकवर्ट्स म्हणजे आमची गंगोत्री. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पॅराशूटने टाकलेले सुरुंग निकामी करण्याचं काम या गृहस्थांनी केलं आणि त्याबद्दल त्यांना १९४० साली जॉर्ज क्रॉस मिळाला. तिथेच थांबले असते तर बरं होतं. पण १९५३ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला, आणि माझी साडेसाती तिथून सुरू झाली. त्याच साली पुण्यात भीमसेन जोशींनी सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. दोन्हींत साम्य एवढंच, की आत शिरलेला माणूस बाहेर केव्हा पडेल हे सांगता येत नाही.

डँकवर्ट्सचा प्रश्न दिसायला साधा आहे. टाकीत एका बाजूने पाणी सारखं येतंय, दुसऱ्या बाजूने सारखं जातंय. मग आत आलेला थेंब आत किती वेळ राहतो? टाकी १० लिटरची आणि पाणी मिनिटाला १ लिटर येत असेल तर पाचवीतलं पोरही सांगेल, १० मिनिटं. पण ही झाली सरासरी. काही थेंब आल्या पावली निघून जातात, काही आत घुटमळत बसतात. अनंत चतुर्दशीला मंडईपाशी मिरवणुकीत शिरलेली माणसं बघा. कुणी बेलबाग चौकातूनच गल्लीत सटकतं आणि घरी जाऊन झोपतं, कुणी इमानदारीत अलका टॉकीज चौक गाठतं, आणि एखादा ढोलपथकाच्या मागे सापडून दुसऱ्या दिवशी दुपारीही लक्ष्मी रस्त्यावरच असतो. कोण किती वेळाने बाहेर पडलं याचा आलेख काढला, की टाकी न उघडता तिच्या पोटात काय चाललंय ते कळतं. याला आम्ही रेसिडेन्स टाइम डिस्ट्रिब्युशन म्हणतो. टाकी उत्तम ढवळली जात असेल, तर वरच्या उदाहरणात १० मिनिटांनी हजारातले ३६८ थेंब अजून आतच असतात. अर्ध्या तासाने ५० उरतात. ५० मिनिटांनी, सरासरीच्या पाचपट वेळ उलटल्यावरसुद्धा, ७ थेंब बाहेर पडलेले नसतात. आलेखाचं हे लांबत जाणारं टोक म्हणजे शेपटी.

माझा विषय शेपटी.

२०१८ मध्ये मी नोंदणी केली. यूजीसीच्या नियमाप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं लागतात आणि जास्तीत जास्त ६ मिळतात. तेवढ्यात न जमल्यास पुन्हा नोंदणी करून आणखी २. मी या वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचून फॉर्म भरला होता. माझ्याबरोबर लागलेल्यांतला एक अमेरिकेत गेला, एकीने कंपनी काढली, एकाने दुसऱ्या वर्षी हे सगळं सोडून वडिलांचं पेढीवरचं काम हातात घेतलं आणि आज तो आम्हा सगळ्यांत सुखी आहे. २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडला, पुढे तिथे मेट्रोचे खांब उभे राहिले. त्यांच्या शेजारून रोज जाणारा माझा प्रबंध मात्र प्रकरण तीनवरच होता.

घरी आईने एकदा डॉ. रघुनाथ माशेलकरांचं व्याख्यान ऐकलं आणि घरातलं वातावरण बिघडलं. रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेला अभ्यास, १९६६ मध्ये पदवी, १९६९ मध्ये शर्मांच्याच हाताखाली पीएचडी, पुढे एनसीएलचे संचालक. आईने जेवताना ही सनावळी वाढली आणि विचारलं, “तुला काय कमी आहे?” बाबा आमटीत पोळी बुडवत म्हणाले, “दिवे जास्त झालेत.” मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की हे आमच्याच घराण्यातले आहेत, नात्याने माझे चुलत आजेगुरू लागतात. त्याने प्रकरण आणखी चिघळलं.

या घराण्याचा एक ग्रंथ आहे. एनसीएलचे तेव्हाचे संचालक एल. के. दोराईस्वामी आणि शर्मा यांनी मिळून लिहिलेला, विषमावस्थी अभिक्रियांवरचा, १९८४ चा. दोन जाडजूड खंड. एक लेखक पुण्याचा, एक मुंबईचा, आणि शेकडो पानं दोघांचं एकमत. असा योग त्यानंतर कुठल्याही विषयात आलेला मला माहीत नाही. मॅडमनी मला दोन्ही खंड दिले आणि म्हणाल्या, “उशाशी ठेव.” माझ्या मॉनिटरची उंची कमी पडत होती. मी ते त्याच्या पायथ्याशी ठेवले. मान दुखायची थांबली, तेव्हा ग्रंथाचा उपयोग झाला नाही असं कुणी म्हणू नये.

प्रयोग मांडायचा तर सामान हवं. मोठी यंत्रं संस्थेने दिली, पण नळ्या, क्लॅम्प, जोड असल्या किरकोळ वस्तू मागवायच्या तर तीन कोटेशनं, एक तुलनात्मक तक्ता आणि अकाउंट्सची सही लागते. त्यापेक्षा रविवार पेठेतली बोहरी आळी बरी. तिथे एका दुकानात मी पारदर्शक नळी मागितली. दुकानदाराने विचारलं, “कशाला पाहिजे?” मी म्हटलं, “रेसिडेन्स टाइम डिस्ट्रिब्युशन.” तो आत वळून ओरडला, “कूलरची नळी दे रे!” ती नळी मी घेतली. सोबत एक पितळी टी घेतला, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड. तो लक्षात ठेवा.

कूलरच्या नळीबद्दल थोडक्यात सांगतो. पेरिस्टाल्टिक पंपात रूळ फिरतात आणि नळी पिळून पाणी पुढे ढकलतात. नळीला हा छळ सोसण्याची सवय लागते. कूलरच्या नळीला नसते. रात्री प्रयोग चालू ठेवून मी घरी गेलो, नळीने मध्यरात्रीनंतर केव्हातरी प्राण सोडला, पंप मात्र इमानाने पाणी ढकलत राहिला. पहाटे वॉचमनचा फोन आला. वॉचमनकाका जुने, नदीकाठच्या वाड्यात वाढलेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं, तेव्हा ते कडेवर होते. त्यांनी इकडचं तिकडचं न बोलता मला एवढंच सांगितलं, “साहेब, पानशेत झालंय. तुमच्याकडून.” माझ्या खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ओलाव्यापासून पदार्थ कोरडे ठेवण्याच्या पद्धतींवर संशोधन चालतं. तिथली मंडळी पुढे बरेच दिवस जिन्यात माझ्याकडे वर बघत नव्हती. छताकडे बघायची.

आता मुख्य प्रयोग. चालू टाकीत इंजेक्शनने मिठाचं पाणी एकदम सोडायचं, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता सतत मोजत राहायची. मीठ जास्त तर वाहकता जास्त. याचा आलेख म्हणजेच थेंबांच्या मुक्कामाचा आलेख. माझ्या आलेखाची शेपटी गणिताने सांगितलेल्या शेपटीपेक्षा पुष्कळ लांब यायला लागली. मॅडम खूश झाल्या. सात पुस्तकांत नसलेली शेपटी म्हणजे शोध असू शकतो. मी सिद्धांत मांडला: टाकीच्या तळाशी, ढवळणीच्या पंख्याखाली, पाण्याचा एक सुस्त कोपरा असणार, मीठ तिथे जाऊन बसत असणार आणि सवडीने बाहेर येत असणार. सुस्त कोपऱ्यात जाऊन सवडीने बाहेर येणं या प्रक्रियेचा माझा अभ्यास दांडगा असल्याने समीकरणं भराभर सुचली. केमकॉनला, म्हणजे भारतीय रसायन अभियंत्यांच्या वार्षिक परिषदेला, मी पोस्टर नेलं. पोस्टरसमोर कायम गर्दी. शेजारी चहाचं टेबल होतं.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिपला बीटेकची एक मुलगी आली. तिला मी पहिले चार दिवस सुस्त कोपऱ्याचा सिद्धांत समजावला. पाचव्या दिवशी तिने बोट दाखवून विचारलं, “दादा, हा टी इथे कशाला आहे?”

हाच तो बोहरी आळीचा टी. त्याच्या दोन तोंडांतून पाणी सरळ जायचं आणि तिसऱ्या, बंद तोंडात मी वाहकता मोजायचा प्रोब खोचला होता. तिने प्रोब काढून थेट वाहत्या नळीत बसवला आणि प्रयोग पुन्हा केला. शेपटी गायब. आलेख पुस्तकातल्यासारखा. ती जेवायला गेल्यावर मी गुपचूप टी परत बसवला. शेपटी आली. काढला, गेली. बसवला, आली. सुस्त कोपरा होता हे खरं, माझं निदान शंभर टक्के बरोबर होतं. फक्त तो टाकीत नसून त्या पितळी टीच्या पोटात होता. खारं पाणी त्या खोबणीत शिरायचं, टाकीतलं मीठ कधीच संपलेलं असायचं, आणि माझा प्रोब त्या शिळ्या पाण्यात बसून मला शोधावर शोध लावून देत होता.

मॅडमनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “प्रकरण तीनचं शीर्षक बदल,” त्या म्हणाल्या. “प्रोबच्या जागेचा मापनावर होणारा परिणाम.” पीएचडीत चूक पुरेशी जुनी झाली की तिला निष्कर्षाचा दर्जा मिळतो. पण अडचण वेगळीच होती. प्रबंध शेपटीवरचा, आणि आता प्रबंधात शेपटीच नव्हती. फेलोशिपची पाच वर्षंही सरली होती. मी पुन्हा नोंदणीचा फॉर्म भरला, या वेळी वाक्याचा दुसरा अर्धा भाग नीट वाचून.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले, पाण्यावर संशय गेला, आणि पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीला आपली गच्चीवरची टाकी आठवली. आमची सोसायटी कोथरूडची, जुनी, ए, बी आणि सी अशा तीन विंगची. तिन्ही विंगना मिळून गच्चीवर एकच लांबुळकी आरसीसीची टाकी. तातडीची सभा भरली. ए विंगमधल्या निवृत्त आरोग्य निरीक्षकांनी घरीच ओटी टेस्ट केली होती. पाण्यात क्लोरिन असलं की ओटीच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं. त्यांच्या नळाचं पाणी पांढरं स्वच्छ राहिलं, म्हणजे क्लोरिन शून्य. सी विंगचं पाणी झेंडूसारखं पिवळं. वॉचमन रोज क्लोरिनची टीसीएल पावडर तर टाकत होता, मग ती एकट्या सी विंगलाच कशी जाते? ए विंगने पक्षपाताचा आरोप केला. सी विंगच्या काकू म्हणाल्या, “पक्षपात कसला, आमच्या आंघोळीला जलतरण तलावाचा वास येतो!” मेन्टेनन्सचा जुना वाद बाहेर येणार, एवढ्यात चेअरमनकाका म्हणाले, “आपल्याकडे टाकीवर पीएचडी करणारा मुलगा आहे ना?”

सभेने माझ्याकडे वळून पाहिलं. बाबा ताठ बसले. सात वर्षांत माझ्या शिक्षणाचा असा उल्लेख, तोही विषयाच्या अचूक नावासकट, प्रथमच होत होता. आईने पदर सावरला. अशा क्षणी शहाणा माणूस ‘प्लंबरला बोलवा’ म्हणतो. मी उभा राहून वीस मिनिटं बोललो.

बोललो ते चूक नव्हतं. क्लोरिन नुसतं टाकून भागत नाही, त्याला पाण्याबरोबर वेळ मिळावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना निदान ३० मिनिटं सांगते, आणि त्यानंतरही लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन उरलं पाहिजे. आमच्या टाकीत पाणी चढवणारा पाइप सी विंगच्या टोकाला. तिथेच झाकण, तिथेच वॉचमन पावडर टाकणार, आणि तिथेच, हातभर अंतरावर, सी विंगला जाणारा पाइप. म्हणजे ताजं, पावडरीचं पाणी आलं तसं सी विंगला जात असणार आणि ए विंगच्या टोकाला जुनं पाणी पेन्शन घेऊन पडून असणार. हे ऐकून प्लंबर, जो चहा प्यायला थांबला होता, म्हणाला, “मग पाइप त्या टोकाला नेऊ का?” मी त्याला हाताने थांबवलं. आधी मोजमाप. पुराव्याशिवाय पाइप हलवणं अशास्त्रीय.

मोजमापासाठी ट्रेसर, म्हणजे पाण्यात माग काढता येईल असा पदार्थ, लागतो. मिठासारखा निरुपद्रवी ट्रेसर नाही. टाकी ३०,००० लिटरची. १५ किलो मीठ टाकलं तर लिटरला अर्धा ग्रॅम. जिभेला कळलं तर कळलं. मी हा हिशेब फळ्यावर करून दाखवला आणि सभेने टाळ्या वाजवल्या. ज्या माणसाने सात वर्षं एकच गोष्ट लिहिली होती, की टाकीत काहीही सगळीकडे सारखं मिसळत नाही, त्याने मिठाचा हिशेब मात्र ते सगळीकडे सारखं मिसळेल असं धरून केला. सभेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

पहाटे बाबांनी आणि मी गच्चीवर पिंपात मीठ कालवलं. बाबा लेंग्यावर स्वेटर, डोक्याला माकडटोपी, हातात कपडे वाळत घालायची काठी, मनापासून ढवळत होते. “हेच करतोस होय रे रोज?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता. पाणी चढवायची मोटर सुरू झाली आणि आम्ही पिंप झाकणातून आत पालथं केलं.

मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं. ते तळाशी जातं. सी विंगचा पाइप तळाशी होता.

सी विंगमध्ये पहिला चहा दुसऱ्या मजल्यावर झाला. मग तिसऱ्या. मग खिडक्या उघडू लागल्या. एका घरी देवांना समुद्रस्नान झालं. एका घरातल्या आजोबांना डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि बऱ्याच महिन्यांनी समाधानाने मान डोलावली, असं त्यांची सून पुढे चिडून सांगत होती. घसा बसलेल्या एका गृहस्थांना आयत्या गुळण्या मिळाल्या. संपूर्ण सी विंगमध्ये माझ्या बाजूने बोलणारे ते एकटेच. तळमजल्यावरच्या आरओ मशीनच्या टीडीएसचा आकडा असा चढला की मालकांनी मशीनचं कव्हर उघडून आत बघितलं.

मी मात्र वाहकता मीटर घेऊन विंगाविंगांतून धावत होतो, आणि आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल. असा आलेख मी प्रयोगशाळेत एकदाही काढला नव्हता! सी विंगला पहिल्या काही मिनिटांतच उंच टोकदार सुळका. बी विंगला उशिरा, बुटका. ए विंगला संध्याकाळपर्यंत मिठाचा मागमूस नाही, आणि मग रात्रभर हळूहळू उतरत जाणारी, लांबच लांब, अस्सल, कुठल्याही टीची मदत न घेतलेली शेपटी. असं पाणी टाकीत न थांबता परस्पर बाहेर पडतं त्याला आमच्याकडे शॉर्ट सर्किटिंग म्हणतात. सुळका दिसताक्षणी मी पार्किंगमध्ये “शॉर्ट सर्किट! शॉर्ट सर्किट!” असं ओरडलो. वॉचमनने धावत जाऊन सोसायटीचं मेन स्विच पाडलं. लिफ्टमध्ये सेक्रेटरी होते. हातात खारट चहाचा कप होता. तो ते पुरावा म्हणून माझ्याकडे घेऊन येत होते.

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी केली, धुतली, आणि दोन टँकर मागवावे लागले. सूचनाफलकावर सेक्रेटरींच्या सुवाच्य अक्षरात लागलं: ‘पाण्यास खारट चव आल्यास सभासदांनी घाबरू नये. संशोधन चालू आहे.’ त्याखाली वेगळ्या पेनाने कुणीतरी लिहिलं होतं: ‘तोपर्यंत सी विंगच्या सभासदांनी चहास संशोधकांकडे जावे. येताना कप आणावा.’ तीन जण खरोखर आले. आईने त्यांना बिस्किटंही दिली.

टाकीचं पुढे काय झालं ते दोन वाक्यांत सांगतो. प्लंबरने पाणी चढवायचा पाइप सी विंगच्या टोकाला राहू दिला, मधे दोन आडव्या भिंती घालून पाण्याला नागमोडी जायला लावलं, आणि तिन्ही विंगना ए विंगच्या टोकाहूनच पाणी दिलं. ओटी टेस्ट तिन्हीकडे सारखी पिवळी आली, आणि त्याने यासाठी कुठलाही शोधनिबंध वाचला नव्हता.

मॅडमना मी हा सगळा प्रकार सांगणार नव्हतो. पण आलेख इतका देखणा होता की दाखवल्याशिवाय राहवेना. त्या बराच वेळ शेपटीकडे बघत राहिल्या. “टाकी कुणाची?” मी सांगितलं. “ट्रेसर कुणी टाकला?” मी सांगितलं. “परवानगी?” “सर्वसाधारण सभेची, टाळ्यांसह.” त्या पुन्हा आलेखाकडे वळल्या. “प्रकरण सहा,” त्या म्हणाल्या. “क्षेत्रीय अभ्यास. आणि हे बघ, आभारात सोसायटीचं नाव घाल.” मी म्हटलं, मॅडम, नाव घातलं तर ते दावा लावतील. मग आम्ही ‘पश्चिम पुण्यातील एक निवासी संकुल’ असं घातलं.

प्रबंध परीक्षकांकडे गेला. एका परीक्षकांनी प्रकरण एक ते पाचबद्दल अडीच ओळी आणि प्रकरण सहाबद्दल दीड पान लिहिलं. मीठ कुठल्या प्रतीचं होतं, त्यात आयोडिन होतं का, रहिवाशांची प्रतिक्रिया कशी नोंदवली, असं बारकाईने विचारलं होतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी ‘तोंडी’ असं दिलं.

पीएचडीची अखेरची मौखिक परीक्षा खुली असते. सूचना लावावी लागते, आणि कुणीही येऊन बसू शकतं. एरवी हे कुणीही म्हणजे विभागातली पोरं, आणि तीही बटाटेवडा आहे की नुसते वेफर्स याची चौकशी करून येतात. आईने मात्र सूचनेचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. माझा तिच्यावर राग नाही. सात वर्षं तिने ‘अजून शिकतोय’ हे उत्तर दिलं होतं. सभागृहात मागच्या दोन रांगा भरलेल्या बघून बाहेरगावहून आलेले परीक्षक प्रभावित झाले. “पुण्यात विज्ञानाविषयी चांगली जागरूकता आहे,” ते मॅडमना म्हणाले. मी मागे बघितलं. संपूर्ण सी विंग होती.

सादरीकरण बरं झालं. परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांतले दोन मला येत होते, एक मॅडमना येत होता, आणि एकाला “हा पुढील संशोधनाचा विषय आहे” असं म्हणता आलं. सोसायटीच्या शेपटीचा आलेख पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेत कुजबूज झाली आणि एक काकू शेजारणीला म्हणाल्या, “हा बघ, हा माझा चहा.” शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “श्रोत्यांपैकी कुणाला काही प्रश्न?” रिवाजाप्रमाणे कुणी काही विचारत नाही, आणि अध्यक्ष लगेच कागद गोळा करायला लागतात.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आमचे सेक्रेटरी उभे राहिले होते. हातात फाइल होती. त्यांनी घसा खाकरला, परीक्षकांना नमस्कार केला आणि म्हणाले, “सर, प्रकरण सहाबद्दल विचारायचं होतं. त्या प्रयोगानंतर दोन टँकर मागवले, त्यांची बिलं मी सोबत आणली आहेत. ती कुणी भरायची, याचा उल्लेख प्रबंधात कुठे सापडला नाही.”

सभागृहात शांतता पसरली. मॅडमनी चष्मा काढला. मी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी परीक्षकांकडे. परीक्षकांनी प्रबंधाची प्रत उघडली, प्रकरण सहाची पानं मागेपुढे चाळली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “प्रश्न विषयाला धरून आहे. उत्तर द्या.”